स्पेलिंग अक्षरजोड्यांतून शिकवावे

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

पहिलीत शिकणारी माझी नात काही दिवसांपूर्वी श्रुतलेखनाची वही घेऊन माझ्याजवळ बसली. दहा इंग्रजी शब्दांपैकी तीन शब्दांवर लाल फुली होती आणि खाली 'चुकलेले शब्द प्रत्येकी दहा वेळा लिहून आणणे' असा शेरा होता. पाऊस या अर्थाचा 'रेन' तिने आर-ए-एन-ई असा लिहिला होता, 'शॉप'चे एस-ओ-पी केले होते आणि 'मिल्क'च्या जागी एम-के-एल अशी नुसतीच तीन अक्षरे मांडली होती. मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळेत आयुष्य घालवल्यामुळे असेल, पण मी त्या फुल्या सोडून चुकाच वाचत बसले. पहिल्या शब्दात मुलीने तिन्ही ध्वनी नीट ऐकले होते आणि 'लेन', 'केन' या शब्दांत इंग्रजी जी रीत वापरते तीच वापरली होती. तिची निवड तेवढी चुकली होती. दुसऱ्या शब्दात तिने 'श' ऐकला खरा, पण तो लिहायला दोन अक्षरे लागतात हे तिला कोणी सांगितलेले नव्हते. तिसरा शब्द तिने केवळ पाठ केला होता आणि पाठांतरातला क्रम ऐनवेळी निसटला होता. दुखणी तीन वेगवेगळी आणि पुडी मात्र एकच, दहा वेळा लिहिण्याची. या पत्राचे निमित्त तेच आहे.

इंग्रजी शब्द लिहायला शिकवताना लहान मुलांना आधी ध्वनी आणि त्या ध्वनींच्या नेहमीच्या अक्षरजोड्या शिकवाव्यात, आणि स्पेलिंग घोकून घेण्याची आपल्याकडची जुनी पद्धत निदान पहिली-दुसरीत तरी मागे ठेवावी, असे माझे म्हणणे आहे. 'सी-ए-टी कॅट' हा घोष आपल्यापैकी बहुतेकांनी केलेला आहे आणि त्यावाचूनही आपले काही अडले नाही, असे कोणी म्हणेल. परंतु त्या घोषात मुलाच्या हाती नेमके काय लागते, ते पाहावे. आपल्या 'क'चे नाव 'क' आहे आणि त्याचा उच्चारही 'क' आहे. इंग्रजी अक्षरांची नावे मात्र त्यांचे ध्वनी सांगतातच असे नाही. 'एच' या नावात 'ह' कुठेही ऐकू येत नाही, 'डब्ल्यू' या नावाची सुरुवात 'ड'ने होते आणि 'वाय' म्हणताना 'य'ऐवजी आधी 'वा'च उच्चारला जातो. सी, ए आणि टी कितीही वेगाने म्हटले तरी 'कॅट' होत नाही. मग मूल त्या अक्षरांकडे दूरध्वनी क्रमांकासारखे पाहते आणि क्रमांकासारखेच विसरते.

इंग्रजीत अक्षरे २६ आणि ध्वनी सुमारे ४४, असे साधारणपणे मानले जाते. स्वरांची अक्षरे तर पाचच आहेत आणि स्वरध्वनी मात्र विसाच्या आसपास. हा तुटवडा भरून काढण्यासाठी ती भाषा दोन अक्षरे जवळ आणून त्यांच्याकडून तिसरेच काम करून घेते. एस आणि एच मिळून 'श', सी आणि एच मिळून 'च', दोन ई मिळून 'ई', दोन ओ मिळून 'ऊ', ए आणि आय मिळून 'रेन'मधला 'ए', ओ आणि ए मिळून 'कोट'मधला 'ओ'. अशा नेहमीच्या वीस-पंचवीस जोड्या ओळखीच्या झाल्या की बालवयातल्या शब्दांचा मोठा भाग मुलाला स्वतः जुळवून लिहिता येतो. आपल्या जोडाक्षरांशी याची तुलना करण्याचा मोह होतो आणि ती थोडी उपयोगीही पडते. परंतु एक फरक पहिल्याच दिवशी सांगून टाकावा लागतो. 'क्य' या जोडाक्षरात 'क्' आणि 'य' दोघेही ऐकू येतात, तर एस-एचमध्ये 'स'ही नसतो आणि 'ह'ही नसतो. हे न सांगितल्यामुळे 'शिप' हा शब्द 'स्हिप' असा वाचणारी मुले मी पाहिलेली आहेत आणि त्यांची वाचण्याची रीत त्यांच्या परीने तर्कशुद्धच होती.

या जोड्या कोणी एका बैठकीत ठरवलेल्या नाहीत. अकराव्या शतकात नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतर फ्रेंच वळणाच्या लेखनिकांनी जुन्या इंग्रजी लेखनात अनेक बदल रुजवले. सी-एच आणि क्यू-यू या जोड्या त्याच काळात तिथे स्थिरावल्या. विल्यम कॅक्स्टन यांनी १४७६ साली वेस्टमिन्स्टर येथे छापखाना घातला आणि पुढे शब्दांची रूपे हळूहळू छापील साच्यात गोठत गेली. उच्चार मात्र त्यानंतरही बदलत राहिले. रात्र या अर्थाच्या 'नाइट'मधले जी-एच एकेकाळी खरोखर घशातून उच्चारले जात असे. आज ते नुसतेच उभे आहे. आपण हसण्याचे कारण नाही. आपणही 'भाषा'तला 'ष' आणि 'शाळा'तला 'श' बहुधा सारखाच उच्चारतो, तरी लिहिताना वेगळे ठेवतो, आणि 'चार'मधला व 'चारा'मधला 'च' कानाला स्पष्ट वेगळे असूनही एकाच अक्षराने लिहितो. मुलांना हे सांगितले की इंग्रजीविषयीची धास्ती थोडी कमी होते, असा माझा अनुभव आहे.

शिकवण्याच्या पद्धतीतील एक बारकावा मात्र मला सविस्तर मांडायचा आहे, कारण 'फोनिक्स'च्या, म्हणजे ध्वनींवरून वाचन-लेखन शिकवण्याच्या, नावाने चालणाऱ्या अनेक वर्गांत तोच हरवलेला दिसतो. मराठी शिकलेली शिक्षिका बी या अक्षराचा ध्वनी सांगताना सहज 'ब' म्हणते, टीचा ध्वनी 'ट' म्हणते. आपल्या 'ब'मध्ये 'अ' दडलेला असतो. त्यामुळे 'ब-ॲ-ट' असे सांगितले की मूल 'बॲट' म्हणते आणि 'बॅट'पर्यंत पोहोचतच नाही. इंग्लंडमधल्या शिक्षकांनाही व्यंजनामागे असा स्वर लावू नका, असे बजावून सांगावे लागते. परंतु त्यांच्यापाशी तो दाखवायला चिन्ह नाही. आपल्यापाशी आहे. व्यंजनाचा पाय मोडला की 'ब्' आणि 'ट्' तयार होतात आणि मधला ॲ तर आता आपल्या वर्णमालेतच आहे. राज्य शासनाच्या २००९ सालच्या निर्णयाने ॲ आणि ऑ यांना तिथे जागा मिळाली आणि बाराखडीची चौदाखडी झाली. ब्, ॲ, ट् असे तीन तुकडे फळ्यावर लिहून दाखवणे मराठी शिक्षिकेला जितके सोपे आहे, तितके ते लंडनच्या शिक्षिकेलाही नाही. ही आपली मिळकत वापरायची सोडून आपण परदेशी उच्चारांच्या ध्वनिफिती वर्गात लावतो.

दुसरी अडचणही आपल्या लिपीतूनच येते. मराठी मूल शब्द मोजते ते अक्षरांनी. 'मिल्क' त्याला 'मि' आणि 'ल्क' असा दोन घासांत ऐकू येतो. लिहिण्यासाठी मात्र म्, इ, ल्, क् असे चार ध्वनी सुटे व्हावे लागतात. नातीबरोबर मी एवढेच केले. शब्द हळू म्हणायचा, प्रत्येक ध्वनीला एक बोट उभे करायचे आणि मगच पेन्सिल उचलायची. 'शॉप'ला तीन बोटे उभी राहिली आणि वहीत अक्षरे चार झाली. चौथे अक्षर कुठून आले, असे तिनेच विचारले. एस-एच ही जोडी त्या प्रश्नाच्या उत्तरात जितकी पक्की झाली, तितकी दहा वेळा लिहून झाली नसती.

वाचन आणि लेखन यांत एक मोठे अंतर आहे आणि ते पालकांच्या लक्षात येत नाही. वाचताना डबल ई दिसले की 'ई' म्हणायचे, तिथे प्रश्न मिटतो. लिहिताना 'ई' ऐकू आला तर तो डबल ई आहे, ई-ए आहे, की शब्दाच्या शेवटचा वाय आहे, हे ठरवावे लागते. म्हणून वाचता येणाऱ्या मुलाला लिहिताही येईलच असे नाही. इथे शब्दातली जागा पुष्कळदा मदतीला येते. 'ए' हा ध्वनी शब्दाच्या मध्ये असेल तर रेन, ट्रेन, टेल यांत ए-आय येतो आणि शेवटी असेल तर डे, प्ले, वे यांत ए-वाय येतो. 'कॉइन'मध्ये ओ-आय आणि 'बॉय'मध्ये ओ-वाय, याचेही कारण तेच. डक, सॉक, बॅक या छोट्या शब्दांत ऱ्हस्व स्वरानंतर शेवटचा 'क' सी-के या जोडीने लिहायचा; 'मिल्क' आणि 'डेस्क' यांत आधी व्यंजन असल्यामुळे एकटा के पुरतो. जागेवरून लेखन ठरणे ही मराठी मुलाला नवी गोष्ट नाही. 'फूल' लिहिताना दीर्घ आणि 'फुलाला' लिहिताना ऱ्हस्व, 'बहीण' दीर्घ आणि 'बहिणीला' ऱ्हस्व, शब्दाच्या शेवटी आलेला 'नदी'तला ईकार दीर्घ, हे पुढच्या इयत्तांत आपण त्याला शिकवतोच. मराठीच्या तासाला नियम समजावून सांगायचा आणि इंग्रजीच्या तासाला तेच मूल नियम समजण्याइतके मोठे नाही असे धरून घोकंपट्टी करून घ्यायची, हे मला कधी पटले नाही.

मुंबईच्या मुलाला या जोड्या शोधायला पुस्तकही उघडावे लागत नाही. आम्ही मुलुंडहून दादरला धीम्या गाडीने जातो, तेव्हा नातीचा खेळच ठरलेला असतो. भांडुपच्या फलकावर बी-एच, विक्रोळीच्या नावात के-एच, घाटकोपरला जी-एच. तीनही स्थानकांची नावे तिला देवनागरीतही तिथेच वाचायला मिळतात, त्यामुळे दोन रोमन अक्षरे मिळून एक ध्वनी होतो ही कल्पना तिला आपोआप कळली. त्यातच एक सापळाही आहे आणि तो शिक्षकांनी ओळखलेला बरा. या जोड्या मराठी नावे रोमन लिपीत लिहिण्याच्या आहेत, इंग्रजीच्या नव्हेत. घाटकोपरमधला जी-एच 'घ' आहे. इंग्रजी 'घोस्ट'मध्ये आपण कितीही जोर लावला तरी तो 'ग'च असतो, 'लाफ'मध्ये तो 'फ' होतो आणि 'नाइट'मध्ये गप्प बसतो. ठाण्याच्या फलकावरचा टी-एच 'ठ' आहे, 'थ्री'मधला नाही. आणि शेवटच्या ईवर विश्वास ठेवून वाचणारा परदेशी पाहुणा ठाण्याला 'थेन' म्हणतो, त्यात त्याची चूक नसते. इंग्रजी शब्दाच्या शेवटी सहसा आय येत नाही, असे मी नातीला सांगितले, तेव्हा तिने लगेच आमच्या शहराचे नाव पुढे केले. ते ए-आयनेच संपते. हे नाव मूळचे इंग्रजी नाही, त्याचा 'ई' आपला आहे, असे सांगून मी सुटका करून घेतली. पण तिचे बोट बरोबर ठिकाणी पडले होते.

इंग्रजीतून आलेली स्थानकांची नावे मात्र थेट कामाची आहेत. चर्चगेटमध्ये सी-एच दोनदा आहे. कॉटन ग्रीनमध्ये डबल ई आहे, डॉकयार्डमध्ये सी-के आहे आणि ओ-ए तर ग्रँट रोडपासून वडाळा रोडपर्यंत प्रत्येक 'रोड'मध्ये आहे. किंग्ज सर्कलमधला पहिला सी 'स' आहे, कारण त्याच्यापुढे आय आहे, आणि दुसरा 'क' आहे, कारण पुढे एल आहे. सीचा संपूर्ण धडा एका शब्दात. पी-एच शिकवायला एल्फिन्स्टन रोड होते, पण २०१८ साली त्याचे प्रभादेवी झाले. नामांतराबद्दल माझी तक्रार नाही, पी-एचसाठी गेटवेहून सुटणाऱ्या बोटीचे एलिफंटा अजून शिल्लक आहे. आणि इंग्रजी सरळ आहे असे ज्यांना वाटते त्यांनी मरीन लाइन्सचा फलक पाहावा. आय-एन-ई ही तीच तीन अक्षरे पहिल्या शब्दात 'ईन' आहेत आणि दुसऱ्यात 'आइन'.

यावर जो आक्षेप घेतला जातो तो नेमका हाच, की इंग्रजी इतकी बेशिस्त असताना ध्वनी शिकवून काय साधणार. १९६६ साली अमेरिकेत पॉल हॅना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सतरा हजारांहून अधिक इंग्रजी शब्द केवळ ध्वनी आणि जागा यांच्या नियमांवरून संगणकाकडून लिहून पाहिले. जवळजवळ निम्मे शब्द बिनचूक आले आणि उरलेल्यांपैकी बऱ्याच शब्दांत एकच चूक होती. याचा अर्थ दोन्ही बाजूंनी घेता येईल. मी तो असा घेते की निम्म्या शब्दांचे ओझे पाठांतरावरून उतरते आणि ज्यांत एकच अक्षर चुकते त्या शब्दांतले तेवढे एक अक्षरच लक्षात ठेवावे लागते. द, वॉज, सेड, वन असे काही शब्द मात्र नियमांना जुमानत नाहीत आणि वाक्यागणिक येतात. ते पाठच करावे लागतील, आणि थोडे असल्यामुळे होतातही. घोकण्याला माझा विरोध नाही. जे समजून घेता येते तेही घोकायला लावण्याला आहे.

इंग्लंडमध्ये २००६ साली सर जिम रोझ यांच्या अहवालानंतर ध्वनींवर आधारलेल्या वाचनशिक्षणाने जोर धरला आणि २०१२पासून तिथल्या पहिल्या वर्षाच्या मुलांची चाळीस शब्दांची चाचणी घेतली जाते. त्यातले वीस शब्द निव्वळ बनावट असतात, म्हणजे मुलाने ते पाठ केलेले असण्याची शक्यताच राहत नाही. सहा वर्षांच्या मुलाला राष्ट्रीय चाचणीला बसवणे मला रुचत नाही आणि ते आपल्याकडे आणू नये. बनावट शब्दांची कल्पना मात्र वर्गात खेळ म्हणून घेण्यासारखी आहे. 'शूप' किंवा 'चीम' असा अर्थ नसलेला शब्द सांगावा आणि पाटीवर लिहायला लावावा. मुले हसतात, चुका निर्धास्तपणे करतात आणि कोणाला जोडी समजली आहे हे शिक्षिकेला दोन मिनिटांत कळते.

महाराष्ट्रात २०००पासून मराठी माध्यमाच्या शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे. मुंबई महापालिकेच्या शाळा आठ माध्यमांतून चालतात, आणि त्यांतल्या बहुसंख्य मुलांच्या घरी इंग्रजी बोलले जात नाही. ज्याच्या घरी इंग्रजी गोष्टींची पुस्तके आहेत, ते मूल घोकंपट्टीच्या पद्धतीतूनही अक्षरजोड्या नकळत उचलते; ज्याच्या घरी ती नाहीत, त्याला शाळेनेच उघडपणे सांगावे लागते. आज ज्यांना परवडते ते पालक फोनिक्सच्या खासगी वर्गांची फी भरतात. पहिलीच्या इंग्रजीला शिकवणी लागावी, हेच मुळात चुकीचे आहे. शिवाय माझ्यासारख्या, पाचवीपासून इंग्रजी शिकलेल्या पिढीच्या शिक्षकांना या जोड्या कोणी कधी शिकवल्याच नव्हत्या. मी स्वतः त्या नोकरी लागल्यानंतर बऱ्याच वर्षांनी शिकले आणि त्याआधीच्या माझ्या विद्यार्थ्यांना दहा-दहा वेळा शब्द लिहायला लावले, हे इथे कबूल केले पाहिजे.

मागणे फार नाही. श्रुतलेखनाचे शब्द निवडताना विषयवार याद्या, म्हणजे एका आठवड्यात फळांची नावे आणि दुसऱ्या आठवड्यात प्राण्यांची, अशा न देता एका जोडीचे शब्द एकत्र द्यावेत. 'ॲपल', 'ग्रेप्स' आणि 'पायनॲपल' यांचा अर्थ एका टोपलीतला असला तरी त्यांचे लेखन एका रीतीचे नाही, तर 'रेन', 'टेल', 'ट्रेन' आणि 'पेंट' यांतला ए-आय चार वेळा दिसून हाताला वळण लावतो. शब्दांवर देवनागरीत उच्चार लिहून देणाऱ्या मार्गदर्शिका शिक्षकांनी खुशाल पाहाव्यात, पण मुलांच्या वहीत ती सोय करू नये, कारण 'रेन' वाचून ए-आय आठवत नाही. तपासताना संपूर्ण शब्दावर फुली न मारता नेमकी चुकलेली जोडी अधोरेखित करावी. आर-ए-एन-ई लिहिणाऱ्या मुलीला तीनपैकी दोन ध्वनींचे गुण मिळायला हवेत. आणि शिक्षकांच्या प्रशिक्षणात एक पूर्ण दिवस या जोड्यांसाठी, त्यांच्या जागांच्या नियमांसाठी आणि मोडक्या पायाच्या व्यंजनांसाठी ठेवावा. बालभारती आणि महापालिकेचा शिक्षण विभाग या दोघांनी याचा विचार करावा, अशी आपल्या वृत्तपत्रामार्फत विनंती आहे.

पत्र लांबले, त्याबद्दल क्षमस्व.

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका
मुलुंड (पूर्व), मुंबई